सेनेगलहून ऑर्डर आलीय, पण एजंटला सगळे फ्रेंचभाषिक देश पाहिजेत. द्यावेत का?

शेंगफोड_शिरोली:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन बनवतो, मोटरवरचं आणि डिझेल इंजिनवरचं. आजवर महाराष्ट्र, कर्नाटक आणि थोडं गुजरात एवढ्यातच विकलंय. मध्यंतरी यूट्यूबवरचा आमचा व्हिडिओ बघून सेनेगलमधल्या डकारच्या एका इंपोर्टरचा व्हॉट्सॲप आला, काओलाक म्हणून गाव आहे तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी त्याला ६ मशीन पाहिजेत. तो सगळा पट्टा भुईमुगाचाच आहे म्हणे. माणूस धंद्यातला वाटला, व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवलं, दुसऱ्या कंपनीची जुनी मशीन उघडून दाखवली, जाळीचा साइज किती, तासाला किती क्विंटल, दाणा किती फुटतो असं नेमकं विचारत होता.

आयईसी म्हणजे आयात निर्यात कोड काढलाय, बँकेत एडी कोड म्हणजे निर्यातीसाठीची बँकेची नोंद झालीय. अडलंय ते पुढचं. तो म्हणतो ३० टक्के ॲडव्हान्स देतो, बाकीचे माल डकारला पोचल्यावर. हे चालेल का? दर कशात सांगायचा, डॉलर, युरो, का त्यांचा तो सीएफए फ्रँक? आणि मला सगळ्यात जास्त घोर लागलाय तो कराराचा. त्यानं फ्रेंचमध्ये करार पाठवलाय, मुलीनं अकरावी बारावीला फ्रेंच घेतलं होतं तिनं वाचून सांगितलं की ५ वर्षं "सगळ्या फ्रेंचभाषिक देशांसाठी" तोच आमचा एकमेव एजंट राहणार. घरचे म्हणतात देऊन टाक, नाहीतरी आपण तिकडं कधी जाणार होतो. पण ६ मशीनवर एवढे देश लिहून द्यायचे म्हणजे मन धजत नाही.

अजून एक, टोगोच्या लोमे शहरातून वेगळा ईमेल आलाय, सरकारी टेंडर आहे, ४०० मशीन पाहिजेत, आधी ९०० युरो रजिस्ट्रेशन फी भरायची. त्याचं काय करू?

अंकारदे_काजूवाला:
दादा आधी टोगोचं. तो ईमेल सोडून द्या, उत्तरसुद्धा देऊ नका. लोमे, बेनिनमधलं कोतोनू, आयव्हरी कोस्टमधलं आबिजान इथून येणारी ही "सरकारी टेंडरं" जुना धंदा आहे, आधी रजिस्ट्रेशन फी, मग वकिलाची फी, मग सॅम्पलची कस्टम ड्यूटी, दर वेळी थोडे थोडे काढतात. तिकडच्या भारतीय दूतावासांनी याबद्दल सावध केलेलं आहे. खऱ्या सरकारी खरेदीवाला अनोळखी ईमेलवर ४०० मशीन देत नसतो.

आता डकारवाल्याकडे येऊ. मी चंदगडकडचा, काजूच्या कारखान्यांसाठी कच्चा काजू घ्यायला आयव्हरी कोस्टला बरीच वर्षं जाऊन येऊन असतो. जगात सगळ्यात जास्त कच्चा काजू आता तिथेच पिकतो आणि आपल्या चंदगड, आजरा, वेंगुर्ल्याच्या बॉयलरमध्ये शिजणाऱ्या काजूत तिकडचा भरपूर असतो. त्यामुळे जे सांगतोय ते तिथल्या गोदामात बसून बघितलेलं आहे.

"फ्रेंचभाषिक देश" असा एक बाजार अस्तित्वातच नाही. त्यात फ्रान्स आला, कॅनडातलं क्वेबेक आलं, मोरोक्को, मॅडागास्कर, काँगो सगळंच आलं. तुम्हाला ज्याचा विचार करायचाय तो पश्चिम आफ्रिकेतला आठ देशांचा गट आहे, सेनेगल, आयव्हरी कोस्ट, माली, बुर्किना फासो, नायजर, टोगो, बेनिन आणि गिनी बिसाऊ. या आठांचं चलन एक, सीएफए फ्रँक, आणि मध्यवर्ती बँक एक, तिचं मुख्य ऑफिस डकारलाच आहे. मध्य आफ्रिकेत कॅमेरून, गॅबन, चाड वगैरे सहा देशांचा दुसरा सीएफए आहे, त्याची बँक कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेला. दोन्हीचा भाव युरोशी तोच पण नोटा वेगळ्या, डकारची नोट कॅमेरूनमधल्या डुआलाच्या बाजारात चालत नाही. आणि शेजारचा गिनी, राजधानी कोनाक्री, भाषा फ्रेंच, कायदाही यांच्यासारखाच, पण चलन स्वतःचं. गिनी बिसाऊत तर कागद पोर्तुगीजमध्ये असतात आणि पैसा सीएफए. म्हणजे भाषेवरून हद्द आखायला गेलात की पहिल्याच पावलाला चुकणार.

दर युरोत सांगा. कारण साधं आहे, १ युरो म्हणजे ६५५.९५७ सीएफए, हा दर १९९९ पासून पक्का बांधलेला आहे. तुम्ही युरोत कोट केलं की त्याला त्याचा खर्च शेवटच्या फ्रँकपर्यंत आज कळतो, डॉलरमध्ये केलं तर त्याला रोज बाजार बघत बसावं लागतं आणि तो रिस्कचे पैसे तुमच्या दरातून कापायला बघणार. युरो रुपयाची वरखाली तुमच्याकडे राहील, ती बँकेत फॉरवर्ड बुक करून, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच पक्का करून, सांभाळता येते. सीएफएत अजिबात कोट करू नका. जुने व्यापारी अजून जानेवारी १९९४ सांगतात, एका रात्रीत सीएफएची किंमत निम्मी केली होती, बाहेरून येणारं सगळं दुप्पट महाग झालं होतं. चलनाचं नाव बदलून एको करायचं २०१९ मध्ये जाहीर झालंय, फ्रान्सच्या तिजोरीत निम्मी गंगाजळी ठेवायची अटही काढली, पण युरोशी बांधलेला दर आहे तसाच आहे.

कराराचं म्हणाल तर फक्त सेनेगल द्या, १ वर्ष द्या, आणि वर्षाला इतकी मशीन उचलली तरच पुढचं वर्ष असं लिहा. माली पाहिजे म्हणाला तर माली नावानं लिहा, कारण मालीच्या राजधानीचा, बामाकोचा, बराच माल डकारमधूनच जातो. "फ्रेंचभाषिक" हा शब्द करारात कुठेच नको.

आणि सही करायच्या आधी त्याच्याकडे दोन नंबर मागा. एक आरसीसीएम, म्हणजे तिथल्या व्यापारी नोंदवहीतला नंबर, आणि दुसरा निनेआ, तो टॅक्सचा. आरसीसीएम साधारण एसएन डीकेआर, मग वर्ष, मग ए किंवा बी, मग आकडे असा असतो. ए म्हणजे एकट्या माणसाच्या नावावरचा धंदा, बी म्हणजे कंपनी. करारावर कंपनीचं नाव आणि नंबरात ए असेल तर तिथेच थांबायचं आणि विचारायचं. नोंदवहीचा उतारा कोर्टाच्या ग्रेफमधून, म्हणजे नोंदणी कचेरीतून मिळतो, तो मागायला लाजू नका, तिकडे ही रोजची गोष्ट आहे, खरा व्यापारी उलट खूश होतो.

न्हावाशेवा_फॉरवर्डर:
काजूवाल्या भाऊंशी बाकी सहमत. शिपिंगचं मी सांगतो, पश्चिम आफ्रिकेचे कंटेनर रोज हातातून जातात.

पहिलं, बीएससी. सेनेगलला जाणाऱ्या प्रत्येक मालाला कार्गो ट्रॅकिंगचा एक कागद लागतो, तो तिथल्या शिपर्स कौन्सिलच्या नावानं निघतो, त्याचा नंबर जहाज पोचायच्या आत तयार पाहिजे. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टोगो, कॅमेरून सगळीकडे असाच कागद आहे फक्त प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, काँगो किन्शासाला त्याच जागी "फेरी" नावाचा कागद लागतो. हा नसेल तर दंड बसतो, आणि दंड कोणी भरायचा यावर तुमची नि त्याची पहिलीच भांडणं सुरू. खर्च कोणाचा हे प्रोफॉर्मावरच, म्हणजे आधी पाठवायच्या कच्च्या बिलावरच, लिहा.

दुसरं, सीआयएफ विकू नका, म्हणजे माल, भाडं आणि विमा सगळं तुमच्या दरात धरून. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून इथे आयात मालाचा विमा तिथल्याच कंपनीकडून घ्यायचा नियम आहे. तुम्ही मुंबईत काढलेला विमा तिथं कस्टमला चालत नाही, मग तो परत काढतो आणि ते पैसे तुमच्या बिलातून मागतो. सीएफआर डकार द्या, म्हणजे डकारपर्यंतचं भाडं तुमच्या दरात, विमा त्याच्याकडे. फक्त विम्याची कॉपी माल चढायच्या आधी मागून घ्या, कारण बाकीचे पैसे अजून तुमचे अडकलेले असतात.

तिसरं, त्याला माल किती रुपयाला पडणार हे तुम्हालाही माहीत पाहिजे, नाहीतर तो सांगेल ते ऐकावं लागतं. इकोवास म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा गट, त्याचं सामायिक टॅरिफ म्हणजे आयात कराचे दर १ जानेवारी २०१५ पासून आहेत, पाच पायऱ्या, ०, ५, १०, २० आणि ३५ टक्के. यंत्रसामग्री साधारण ५ टक्क्यांत बसते. १० लाखाचा माल धरला तर ५० हजार ड्यूटी, मग साडेदहा लाखावर १८ टक्के टीव्हीए म्हणजे त्यांचा व्हॅट, १ लाख ८९ हजार, वर बारीकसारीक लेव्ही. म्हणजे अडीच लाखाच्या आसपास सरकारला. शेतीच्या मशीनला टीव्हीएत सूट बसते का हे त्याच्या ट्रान्झिटेरला विचारायला लावा, ट्रान्झिटेर म्हणजे तिथला कस्टम एजंट. सूट बसत असेल तर तुमच्या इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन आणि एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाचा नंबर, त्याच्या कागदाशी अक्षरनअक्षर जुळला पाहिजे.

लाकडी क्रेट करणार असाल तर हीट ट्रीटमेंटचा शिक्का असलेलंच लाकूड घ्या. ६ मशीन म्हणजे एलसीएलमध्ये, दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये, जाईल का पूर्ण वीस फुटी कंटेनर भरेल ते माप पाठवा मग सांगतो. तांबड्या समुद्रातला गोंधळ सुरू झाल्यापासून बरीच जहाजं दक्षिण आफ्रिकेच्या केपला वळसा घालून जातायत आणि डकारला थेट फार कमी, वाटेत माल बदलतो, त्यामुळे दीड दोन महिने धरून चाला.

आता पैसे. माल पोचल्यावर ७० टक्के हे अजिबात करू नका. माल डकारच्या बंदरात उतरला की घड्याळ तुमच्या विरुद्ध फिरायला लागतं. फ्री दिवस संपले की डेमरेज म्हणजे कंटेनर अडवल्याचा दंड, मग स्टोरेज, आणि समोरचा चार दिवस फोन उचलत नाही आणि पाचव्या दिवशी म्हणतो १५ टक्के कमी करा तर सोडवतो. माझ्या एका पार्टीचं असंच झालं, परत आणायला जाण्याएवढंच भाडं होतं म्हणून शेवटी कमी करून दिला. ३० टक्के ॲडव्हान्स, बाकी डॉक्युमेंट्स बँकेतून डीपीवर, म्हणजे पैसे भरल्यावरच बँक कागद देते, बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल सोडवायचा जहाजाचा कागद "टू ऑर्डर" त्याच्या बँकेच्या नावानं, आणि ईसीजीसीचं कव्हर म्हणजे निर्यातीच्या बुडीत पैशांचा सरकारी विमा. त्यांच्याकडे खरेदीदाराची लिमिट मंजूर करून घ्या, त्यात त्याची चौकशीपण आपोआप होते.

मुग्धा_अनुवाद:
शिरोलीकर दादा, मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि कंपन्यांचे करार भाषांतर करते. मुलीनं वाचून अर्थ सांगितला ते छानच, पण करारावर सही करायच्या आधी कायद्याची भाषा येणाऱ्या माणसाकडून एकदा नक्की तपासून घ्या, कारण त्यातली दोन कलमं दिसायला साधी असतात आणि महागात जातात.

एक म्हणजे "एजंट" आणि "डिस्ट्रिब्युटर". तो तुमचा माल स्वतः विकत घेऊन विकणार असेल तर तो डिस्ट्रिब्युटर. करारात एजंट लिहिलंत तर वेगळा कायदा लागतो. सेनेगलसह सतरा देशांत व्यापाराचा कायदा सामायिक आहे, ओहाडा, त्याचा तह १७ ऑक्टोबर १९९३ ला मॉरिशसमधल्या पोर्ट लुईला झाला. त्या कायद्याप्रमाणे कमर्शियल एजंटचा करार तुम्ही मोडलात तर त्याला भरपाई द्यावी लागते, पहिलं वर्ष पूर्ण झालं असेल तर १ महिन्याचं कमिशन, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ महिन्यांचं. फ्रान्समध्ये हेच कोर्ट साधारण दोन वर्षांचं कमिशन धरतं. म्हणजे त्याच्या मसुद्यात "सगळे फ्रेंचभाषिक देश" आणि कायदा फ्रान्सचा असं लिहिलं असेल तर ते किती जड आहे बघा. कायदा कुठला आणि वाद कुठे सोडवायचा हे कलम आधी शोधा.

दुसरं कलम वादाचं. ओहाडाचं सामायिक कोर्ट आबिजानला आहे, लवादही तिथे होतो. हा फार मोठा फायदा आहे खरंतर, लोमेला किंवा कोतोनूला उद्या गिऱ्हाईक मिळालं तरी तोच कायदा, तशीच कंपनीची नोंद, तशीच कागदपत्रं. एकदा नीट करार करून घेतलात की तोच साचा पुढच्या देशाला थोडा बदलून वापरता येतो, एवढं आफ्रिकेत दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी म्हणेन या कामावर पैसे खर्च करा, मशीनच्या रंगावर नंतर करा.

कागदाची पद्धत पण सांगते. प्रत्येक पानावर खाली इनिशियल, शेवटच्या पानावर सहीच्या वर स्वतःच्या हातानं "ल्यू ए आप्रूव्हे" म्हणजे वाचलं आणि मान्य असं लिहायचं, मग सही, मग शिक्का. शिक्का नसलेला कागद तिकडे कोणी कागदच मानत नाही, गोल किंवा चौकोनी कुठलाही चालेल पण कंपनीचं नाव स्पष्ट पाहिजे. इन्व्हॉइसच्या शेवटी एकूण रक्कम अक्षरी, फ्रेंचमध्ये. आकड्यांत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजाराला मोकळी जागा, म्हणजे साडेबारा हजार युरो १२ ५००,०० असं दिसतं. आपल्या स्टाइलनं १२,५०० लिहिलंत तर बँकेतला कारकून साडेबारा वाचू शकतो. हे मुलीला सांगा, ती सगळे कागद नीट बसवून देईल, तिला कामही मिळेल.

मॅन्युअल आणि मशीनवरच्या सूचना फ्रेंचमध्ये कराच. "हात घालू नका" ही पाटी चित्रासकट. विकत घेणारा फ्रेंच वाचतो पण शेंगा ओतणारी बाई कदाचित तिकडची वोलोफ भाषाच बोलत असेल, चित्र तिच्यासाठी.

शेंगफोड_शिरोली:
ताई, भाऊ, फॉरवर्डर साहेब, खूप उपकार झाले. मुलीनं परत वाचलं, करारात कायदा फ्रान्सचा आणि कोर्ट पॅरिसचं लिहिलंय, आणि शब्द एजंटच आहे. त्याला फोन केला तर म्हणाला हा नेटवरचा तयार मसुदा आहे, तुम्ही बदल सुचवा, म्हणजे आडमुठा नाही. आरसीसीएम पण पाठवला, बी आहे, कंपनीचं नाव जुळतंय.

पण तो एलसीला, म्हणजे बँकेच्या हमीपत्राला, नाही म्हणतोय, बँकेचा खर्च फार आहे म्हणतो. डीपीला तयार आहे पण त्याची बँक वेळ लावते म्हणे. काजूवाले भाऊ तुम्ही काय केलं असतं? आणि तो म्हणतो काओलाकहून गाम्बियात पण विकीन, ते कसं धरायचं?

अंकारदे_काजूवाला:
६ मशीनला एलसी मीही करणार नाही. कन्फर्मेशनसकट चार्जेस लागले की तुमचं मार्जिन बँकाच खाणार. फॉरवर्डर साहेबांचा डीपीचा रस्ता सुरक्षित आहे पण पहिल्या व्यवहाराला मी ५० टक्के ॲडव्हान्स आणि ५० टक्के बिल ऑफ लेडिंगची कॉपी मेल केल्यावर, ओरिजिनल पैसे आल्यावर कुरिअर, असं म्हणेन. जहाज दीड महिना समुद्रात असतं, त्याला पैसे जमवायला तेवढा वेळ मिळतो, माल अजून तुमच्या ताब्यात, आणि डेमरेजचा प्रश्नच येत नाही. मोठ्या रकमेच्या आयातीला तिकडच्या बँकेत आधी फाइल उघडावी लागते, डोमिसिलिएशन म्हणतात, त्याशिवाय बँक परदेशी पैसे सोडत नाही. तो "बँक वेळ लावते" म्हणतो ते बहुतेक हेच, खोटं नाही. तुमची प्रोफॉर्मा सही शिक्क्यानिशी लवकर द्या म्हणजे त्याची फाइल लवकर सुरू होईल.

गाम्बिया म्हणजे सेनेगलच्या पोटात घुसलेली नदीकाठची पट्टी आहे, भाषा इंग्रजी, चलन दलासी, पीक भुईमूगच. काओलाकपासून जवळ, आणि २०१९ मध्ये फाराफेन्नीचा पूल झाल्यापासून रस्ता सरळ झालाय. म्हणजे बघा, त्याचं सगळ्यात जवळचं परदेशी गिऱ्हाईक फ्रेंच बोलतच नाही. गाम्बिया नावानं द्या, काही जात नाही.

मालीबद्दल मात्र एक लक्षात ठेवा. सामायिक चलनाची दुसरी बाजू पण आहे. जानेवारी २०२२ मध्ये इकोवासनं मालीवर निर्बंध लावले तेव्हा सीमा बंद झाल्या आणि मध्यवर्ती बँक सामायिक असल्यामुळे पैशाचे व्यवहारही अडकले, जुलैपर्यंत. नायजरचं २०२३ मध्ये तसंच. आता माली, बुर्किना, नायजर तिघेही इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडलेत, २९ जानेवारी २०२५ पासून, पण सीएफए मध्ये अजून आहेत. फ्रेंचला राजभाषा म्हणूनही त्यांनी बाजूला केलंय, तरी इन्व्हॉइस आणि कस्टमचे कागद फ्रेंचमध्येच चाललेत. त्यामुळे मालीचा माल असेल तर पैसे पूर्ण आधी, उधारी नाही.

आणि बेनिनचं उदाहरण आमच्या धंद्यातलं देतो. १ एप्रिल २०२४ पासून बेनिननं कच्च्या काजूची निर्यातच बंद केली, काजू तिथेच फोडायचा म्हणून. आमच्या कारखान्यांना ते जड गेलं, पण मशीनवाल्यांना तीच संधी आहे. आयव्हरी कोस्टसुद्धा प्रक्रिया घरीच वाढवायच्या मागे आहे. शेंगा असोत नाहीतर काजू, पुढची वीस वर्षं तिकडे फोडायच्या मशीनची मागणी वाढणार यावर माझा पक्का विश्वास आहे. म्हणूनच म्हणतो ते देश आत्ताच कोणाला लिहून देऊ नका.

एकदा तरी स्वतः जा. गेलात की पहिल्या दिवशी दराचा विषय काढू नका. सेनेगलमध्ये नमस्कारच लांब चालतो, घरचे कसे, आई कशी, पाऊस कसा, मग अताया येतो, छोट्या ग्लासात फेसाळ चहा, तीन फेऱ्या होतात, पहिली कडू आणि शेवटची गोड. दुसऱ्या फेरीला उठून गेलात तर माणूस दुखावतो. तिसऱ्या फेरीपर्यंत बसलात की तो स्वतःच सांगतो कुठल्या गावात कोणाला मशीन पाहिजे आणि कोणाची उधारी बुडते. शुक्रवारी दुपारी भेट ठेवू नका, आणि तबास्की म्हणजे बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात पैसे मागू नका, सगळ्यांचे पैसे मेंढ्यात गेलेले असतात.

माँत्रियालचा_मंदार:
मधेच घुसतो. क्वेबेकमध्ये राहतो, इंडस्ट्रियल मशिनरी विकणाऱ्या कंपनीत आहे. डकारच्या माणसाला क्वेबेक दिलंत तर ते कायमचं वाया, तो इथे काही विकू शकणार नाही. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, फॅक्टरीत थ्री फेज ६०० व्होल्ट, तुमची ५० हर्ट्झची मोटर आहे तशी चालणारच नाही, वर सीएसएचं म्हणजे इथलं सुरक्षेचं सर्टिफिकेशन. भाषेचा कायदा १९७७ पासून आहे आणि २०२२ च्या लॉ ९६ नं अजून कडक केलाय, मशीनवरची अक्षरं, मॅन्युअल, वॉरंटी सगळं फ्रेंचमध्ये, छापील तयार करार असेल तर आधी फ्रेंच कॉपी द्यायची, १ जून २०२५ पासून २५ कामगारांच्या कंपनीला सुद्धा भाषेच्या ऑफिसात नोंद. फ्रान्सला जायचं तर सीई मार्क म्हणजे युरोपचा सुरक्षेचा शिक्का, आणि युरोपचा नवा मशिनरी कायदा २० जानेवारी २०२७ पासून. सेनेगलला मात्र तुमचंच २३० व्होल्ट ५० हर्ट्झ आहे, जसंच्या तसं पाठवा.

पोर्टलुई_वरून:
नमस्कार, मी नोकरीनिमित्त मॉरिशसला. इथे मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, एकोणिसाव्या शतकात कोकणातून आलेल्यांचे वंशज, गणपती जोरात होतो. बरेच जण सांगतात की आफ्रिकेसाठी मॉरिशसला कंपनी काढा. भारत मॉरिशस व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून आहे, बँका चांगल्या, पेपर फ्रेंच आणि सरकारी कागद इंग्रजी त्यामुळे दोन्ही भाषांची माणसं सहज मिळतात. पण ओहाडाचा तह इथे झाला असला तरी मॉरिशस त्याचा सदस्य नाही, आणि ६ मशीनसाठी मधे अजून एक कंपनी, तिचं ऑडिट, तिची बँक हे कशाला? थेट शिरोलीहूनच करा. वर्षाला पाच सहा देशांत माल जायला लागला की मग बघू, तेव्हा जरूर लिहा.

शेंगफोड_शिरोली:
सगळ्यांचं वाचून त्याला कळवलं. सेनेगल आणि गाम्बिया, १ वर्ष, डिस्ट्रिब्युटर म्हणून, २० मशीन उचलली तर पुढचं वर्ष. कायदा ओहाडाचा, लवाद आबिजान. दर युरोत, सीएफआर डकार, ५० टक्के आधी, ५० बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या कॉपीवर. तो ४० आणि ६० वर अडून बसलाय, बाकी सगळं मान्य. बहुतेक ४० ला हो म्हणेन, मटेरियलचा खर्च त्यात निघतो. मुग्धाताई तुम्हाला मेसेज केलाय, करार बघून द्याल का, तुमची जी फी असेल ती.

आता त्याला मशीन कधी पाहिजेत ते विचारलं तर "लवकरात लवकर" म्हणतो. आमच्याकडे बनवायला महिना लागेल.

न्हावाशेवा_फॉरवर्डर:
४० आणि ६० चालेल, फक्त ६० आल्याशिवाय ओरिजिनल बीएल हातातून सोडायचं नाही, "बँकेत टाकलेत, स्लिप बघा" म्हटलं तरी नाही, तुमच्या खात्यात दिसले पाहिजेत.

तारीख तुम्हीच ठरवा. सेनेगलला पाऊस साधारण जून जुलै ते ऑक्टोबर, शेंग ऑक्टोबर नोव्हेंबरला निघते. म्हणजे मशीन सप्टेंबरअखेर काओलाकमध्ये उभं पाहिजे, त्यासाठी कंटेनर न्हावाशेवाहून जुलैमध्येच सुटायला हवा. डिसेंबरला पोचलं तर तो पुढच्या हंगामापर्यंत विकणार नाही आणि तुमची २० ची अट पहिल्याच वर्षी मोडेल.

अंकारदे_काजूवाला:
आणि जाळी. दादा तुमची जाळी आपल्याकडच्या शेंगेच्या मापाची असणार. तिकडे फ्लर ११ वगैरे त्यांच्या स्वतःच्या जाती आहेत. त्याच्याकडून पाच दहा किलो शेंगा, पावसाआधीच्या साठवणीतल्या, कुरिअरनं मागवा, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचं आणि आपल्या प्लांट क्वारंटाइनचं काय लागतं ते फॉरवर्डर साहेबांना विचारून मगच. ते जमत नसेल तर त्याला कॅलिपर लावून शंभर शेंगांची जाडी मोजून फोटो पाठवायला सांगा. गिऱ्हाईक बहुतेक बायकांचे गट असतील, जीआयई म्हणतात, आपल्याकडच्या बचत गटासारखेच, त्या दाणा फोडून तेल आणि पेस्ट करून विकतात, काही बियाणं ठेवतात. बियाण्याचा दाणा फुटला की तो वाया, त्यामुळे प्रत्येक मशीनबरोबर दोन मापाच्या जाळ्या द्या, एक जास्तीचा बेल्ट आणि बेअरिंगचा सेट पेटीतच टाका. काओलाकमध्ये तुमच्या मापाचं बेअरिंग मिळतं का ते त्याला आजच विचारा आणि नंबर फोटोसकट मागवा.

शेंगफोड_शिरोली:
विचारलं. ६२०५ आणि ६२०६ दोन्ही मिळतात म्हणाला, दुकानातल्या डब्याचा फोटो पाठवलाय. बेल्टचं माप मात्र त्याच्याकडे नाही, ते मी प्रत्येक मशीनला तीन देतो. शेंगांची जाडी उद्या मोजून पाठवतो म्हणालाय.